तांब्याचे कडे

यंत्र बिघडण्यापूर्वी बहुधा बोलते. ते ऐकणारा कान मात्र हवा. एका पावसाळ्यात माझ्या जुन्या मोटारसायकलचा गंभीर, एकसुरी आवाज बदलला. सकाळी थंड इंजिन सुरू केले, की 'फट् फट्' असा कोरडा ध्वनी उमटे आणि गाडी तापली की तो पुष्कळसा विरून जाई. इंजिनाला सायलेन्सरचा पाइप जिथे जोडलेला असतो, तिथे काजळीचा ओघळही दिसू लागला. दुखणे सापडले. सायलेन्सरचे पॅकिंग, म्हणजे त्या सांध्यातील तांब्याचे कडे, निकामी झाले होते.

बांगडीहूनही लहान असे हे कडे. पण त्याचे काम मोठे. इंधन जळून निर्माण झालेला, शेकडो अंश तापलेला वायू याच दारातून बाहेर पडतो. धातू तापला की प्रसरण पावतो, निवला की आकुंचन पावतो. त्यात इंजिनाची अखंड थरथर. दोन कठीण धातू कितीही आवळले, तरी त्यांच्यात सूक्ष्म फट उरतेच. मऊ कडे स्वतः चेपले जाऊन ती फट बुजवते. म्हणूनच एकदा चेपलेले कडे पुन्हा वापरू नये.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना गंध. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा शेकडो पटींनी घट्ट बिलगतो. बंद जागेत तो प्राणही घेतो. म्हणून हे काम मी घराच्या उघड्या अंगणात मांडले. मदतीला मुलगी होती.

इंजिन पूर्ण थंड होते. गंजलेल्या नटांवर आदल्या संध्याकाळीच तेल सोडले होते. एक नट सुटला; दुसरा मात्र हलेना.

"बाबा, पान्याला लांब पाइप लावून जोर देऊ या का?"

"नको गं. आतला स्टड तुटला, तर सगळे हेड उतरवून लेथवर न्यावे लागेल."

मग आम्ही पुन्हा तेल सोडले, वाट पाहिली. नट किंचित सैल, किंचित घट्ट, असा मागेपुढे फिरवत राहिलो. तासाभराने तो कुरकुरत सुटला. जुने कडे धातूशी इतके एकजीव झाले होते, की ते निराळे आहे हे ओळखणेही कठीण. अशा जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक. म्हणून ते ओले करूनच अलगद काढले. नवे कडे निसटू नये यासाठी त्याला ग्रीसचा ठिपका लावला. दोन्ही नट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळले. एकच बाजू आधी आवळली असती, तर कडे तिरके बसले असते. सायलेन्सरचा मागचा बोल्ट शेवटी घट्ट केला. गाडी तापवून, निववून नट पुन्हा एकदा तपासले.

१९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. हात आणि बुद्धी यांची फारकत होऊ नये, हा त्यामागील विचार. त्याचा अर्थ त्या दिवशी मला अधिक उमगला. जोर कुठे लावावा आणि कुठे थांबावे, हे पुस्तक सांगू शकते; ते पटते मात्र बोटांनाच. मुलीच्या काळ्या झालेल्या बोटांना ते पटले होते.