मूठ कोणापासून झाकलेली?

शुगर ग्लायडर आपला आजार लपवतो, हे विधान हा प्राणी पाळणाऱ्यांसाठी केलेल्या लेखनात वारंवार आढळते, आणि त्यामागचे कारणही एका वाक्यात उरकलेले असते: रानात जो अशक्त दिसतो त्याच्यावर घुबडाची किंवा घोरपडीची झडप आधी पडते, म्हणून अशक्तपणा न दाखवणारेच टिकले. कारण पटण्याजोगे आहे, पण ते इतके चटकन पटते की त्याविषयी थोडा संशय बाळगणे योग्य ठरावे.

शुगर ग्लायडर हा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी या प्रदेशांतला शिशुधान प्राणी आहे, म्हणजे कांगारूप्रमाणे त्याची मादी अपुऱ्या वाढीचे पिल्लू पोटावरच्या पिशवीत वाढवते. पुढच्या आणि मागच्या पायांमधला कातडीचा पडदा ताणून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. या साम्यापलीकडे सह्याद्रीतल्या उडणाऱ्या खारीशी त्याचे जवळचे नाते नाही. अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या ग्लायडरांचे मूळ पश्चिम पापुआत असल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसले आहे. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याचे वजन साधारणतः ९० ते १५० ग्रॅम भरते. तो निशाचर असल्याने पाळणारा जागा असतो तेव्हा हा कापडी पिशवीत झोपलेला असतो, आणि हा जागा होतो तेव्हा पाळणाऱ्याचे डोळे मिटत आलेले असतात. त्यामुळे त्याचे दुखणे न दिसणे हे किती अंशी त्याचे कसब आणि किती अंशी पाहणाऱ्याची झोप, हे वेगळे काढणे सोपे नाही.

लपवण्यासाठी मराठीत ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण तयारच आहे, परंतु ती येथे बसते की नाही हे ठरवण्यापूर्वी तिच्याकडेच निरखून पाहावे लागते. मुठीत काय आहे हे म्हण सांगत नाही. बहुधा काहीच नाही, निदान सव्वा लाख तरी खासच नाहीत, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, आणि किंमत ठरते ती पाहणाऱ्याच्या अंदाजात. लाखावरचा पाव भागही उगाच आलेला नसावा: सव्वा रुपया दक्षिणा ठेवण्याची आणि सव्वाच्या मापाने प्रसादाचा शिरा करण्याची रीत ज्या समाजात आहे, तेथे सव्वा हा आकडा शुभ आणि वाढता मानला जातो, म्हणजे रिकाम्या मुठीला नुसती किंमतच नव्हे तर बरकतही बहाल झालेली आहे. ही म्हण घराच्या अब्रूची आहे. मुलीचे लग्न ठरेपर्यंत घरातला क्षय किंवा कोड बाहेर कळू न देणाऱ्या कुटुंबांचे वागणे तिच्यातच बसते. मात्र मूठ झाकली जाते ती शेजाऱ्यांपासून आणि सोयऱ्यांपासून. माजघरातला खोकला घरात सगळ्यांनाच ऐकू येत असतो. ग्लायडरही गटाने राहतो, गटातले प्राणी एकाच ढोलीत अंगाला अंग लावून झोपतात, आणि प्रमुख नर आपल्या डोक्यावरची गंधग्रंथी इतरांच्या अंगाला घासून सर्वांना एक वास देतो. (या ग्रंथीमुळे नराच्या डोक्यावर टक्कल पडते आणि नवख्या मालकाला तो त्वचारोग वाटतो, म्हणजे जो आजारच नाही तो मात्र उघड दिसतो.) ढोलीतल्या सोबत्यांना एकाचे दुखणे वासावरून कळत असेल, तर मूठ केवळ घुबडापासून झाकलेली ठरते. मग पाळणारा माणूस माजघरातला की ओसरीवरचा? तो स्वतःला माजघरातला समजतो. ग्लायडर त्याला तसे समजतो असे म्हणण्यास आधार थोडा आहे.

या म्हणीची खरी अडचण होते ती हाडांच्या आजारात. रानात ग्लायडर कीटक, बाभळीच्या कुळातील झाडांचा डिंक, निलगिरीचा रस आणि मकरंद यांवर जगतो. घरात त्याला फळांच्या फोडी आणि मीलवर्म नावाच्या अळ्या कौतुकाने भरवल्या जातात, ज्यांत कॅल्शियम कमी पडते, आणि अळ्यांत तर फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट असतो, वास्तविक आहारात कॅल्शियमच फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावे असे पशुवैद्यक सांगते. कॅल्शियमची आवक घटली की मानेतल्या परावटू ग्रंथी, म्हणजे रक्तातील कॅल्शियमवर नजर ठेवणाऱ्या ग्रंथी, अधिक संप्रेरक सोडतात आणि ते हाडांतले कॅल्शियम मोकळे करून रक्तात आणते. त्यामुळे रक्ततपासणीतला आकडा बराच काळ ठीक येऊ शकतो, प्राणी खातो, उड्या मारतो, आणि हाडे आतून विरळ होत जातात. मग एखाद्या रात्री मागचे पाय लुळे पडतात आणि कालपर्यंत सगळे उत्तम होते असे मालक सांगतो, जे खोटे नसते. येथे घुबड नाही, सोयरे नाहीत, कोणाला काही दाखवण्याचा प्रश्नच नाही. मूठ झाकलेली राहावी म्हणून मुठीची बोटेच खर्ची पडत आहेत.

उंदरांवरच्या संशोधनाने तर लपवण्याची कल्पनाच डळमळीत होते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक श्रेणी प्रसिद्ध केली, जिच्यात डोळे बारीक होणे, नाक आणि गाल फुगणे, कान व मिशा यांची ठेवण बदलणे अशा खुणांना गुण दिले जातात. २०१४ मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवले की निरीक्षक पुरुष असेल, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवलेला असेल, तर उंदराच्या चेहऱ्यावरची वेदना कमी दिसते. याचे कारण उंदीर सोंग घेतो असे नाही. त्या वासाने त्याच्यावर ताण येतो आणि ताणामुळे वेदनाच काही काळ दबते. म्हणजे पाहणारा जवळ आल्यावर मूठ झाकली गेली नाही, ती त्या क्षणापुरती खरोखरच रिकामी झाली. उंदीर आणि शिशुधान प्राणी यांच्या वंशरेषा दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी विलग झाल्या, म्हणून हा निष्कर्ष ग्लायडरला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण तपासणीच्या टेबलावर मान ताठ ठेवून टवटवीत दिसणाऱ्या ग्लायडरविषयी तो मनातून काढताही येत नाही.

याच्या उलट बाजूनेही बरेच म्हणता येते. अमेरिकी पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली मांडले की आजारी प्राण्याचे मलूल पडून राहणे आणि अन्न टाकणे हा दुबळेपणा नसून ज्वराला पोसण्यासाठी शक्ती राखून ठेवण्याचा डाव आहे, आणि तसे असेल तर आजार दाखवणे हीच मूळ प्रवृत्ती ठरते. झेब्रा फिंच या लहान पक्ष्यांवरील प्रयोगांत आजारी पक्षी एकटा असताना निपचित बसला, थव्यात मात्र निरोग्यांसारखा वावरला. एकाकी ग्लायडर स्वतःच्याच अंगाला चावे घेऊ लागतो म्हणून त्याला जोडीने ठेवावे असे सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु जोडीने ठेवलेला ग्लायडर आजार कमी दाखवत असेल, तर त्याच्या भल्यासाठी केलेली व्यवस्थाच पाहणाऱ्याची नजर बोथट करते. त्यात भर पडते ती तंद्रीची: थंडी आणि उपासमार यांत ग्लायडर शरीराचे तापमान पार खाली आणून कित्येक तास गारठल्यासारखा पडून राहतो, आणि न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर रानातल्या ग्लायडरांनी एका चक्रीवादळाच्या रात्रीही हाच मार्ग पत्करल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पिंजऱ्यात थंडगार लागणारा प्राणी तंद्रीत आहे की मरणाच्या वाटेवर, हे हाताला लगेच कळत नाही.

राहतो तो वजनकाटा. शंभर ग्रॅमच्या प्राण्यात दहा ग्रॅमची घट म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा, जो दाट केसांमुळे डोळ्यांना दिसत नाही पण दर आठवड्याच्या नोंदीत चटकन दिसतो. म्हणून डोळ्यांपेक्षा काट्यावर भरवसा ठेवण्याचा सल्ला रास्त आहे. तरीही हाडांतून निसटणारे कॅल्शियम इतके थोडे असते की घरगुती काटा ते नोंदवू शकत नाही. ते क्ष-किरण चित्रात दिसते, पण तेही बरेच खनिज निघून गेल्यावरच. शिवाय असे चित्र काढण्यासाठी या चपळ प्राण्याला बहुधा भूल द्यावी लागते, आणि वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या प्राण्याला केवळ शंकेपोटी भूल द्यावी का, यावर पशुवैद्य आणि मालक या दोघांकडेही ठाम उत्तर असतेच असे नाही.