विस्तार कुठे करावा?

अमेरिकेत वास्तुविशारद म्हणून स्वतंत्र व्यवसाय करावयाचा असेल तर केवळ पदवी पुरत नाही. परवान्यासाठी निराळी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाप्रमाणे मान्यताप्राप्त पदवीच्या आधारे नोंदणी मिळते, त्यामुळे या परीक्षेचा आपल्याला फारसा परिचय नाही. तिच्या २०१६ साली आलेल्या आवृत्तीत सहा विभाग आहेत. काही प्रश्नांना तर पर्यायच नसतात. पडद्यावर नकाशा येतो आणि त्यावरील योग्य जागा दाखवायची असते. माझी भाची तिकडे या परीक्षेची तयारी करीत असताना तिने सरावाचे काही प्रश्न मला पाठविले. आपल्या परिविक्षाधीन अधिकाऱ्यांनीही ते सोडवावेत, असे मला वाटले.

प्रश्नाचे स्वरूप साधारण असे असते. एका जुन्या ग्रंथालयाला ८० फूट लांब व ६० फूट रुंद दालन जोडायचे आहे. दक्षिणेस सपाट, भरपूर उन्हाची हिरवळ आहे, परंतु ती पूररेषेच्या आत येते. पश्चिमेस हद्द भिंतीपासून ७० फुटांवर. पैकी २५ फूट मोकळे सोडण्याचा नियम, म्हणजे उरले ४५. उत्तरेस वाहनतळ, आणि त्यातील एकही जागा कमी करण्याची मुभा नाही. पूर्वेस जमीन सहा फूट खाली उतरलेली. नवख्याचे बोट हमखास दक्षिणेकडे वळते. जागा रिकामी दिसते ना!

उत्तर आहे पूर्व. खालच्या बाजूने प्रवेश द्यायचा तर अपंगांच्या खुर्चीसाठी उतरण लागेल. तिचे प्रमाण १:१२ धरले तर सहा फुटांसाठी लांबी ७२ फूट. एका टप्प्यात ३० इंचांहून अधिक चढता येत नाही, म्हणून मध्ये पाच-पाच फुटांचे दोन सपाट विसावे. एकूण ८२ फूट. खर्च वाढतो, डोके चालवावे लागते, पण काम होते. उलट पूररेषा डोके चालवून सरकत नाही.

अवघड आणि निषिद्ध यांतला हा भेद आपल्या कार्यालयांत नेमका उलटा होतो, असे माझे निरीक्षण आहे. उताराची जागा 'अशक्य' म्हणून पहिल्याच बैठकीत बाद होते आणि पूररेषेसाठी शिथिलतेचा प्रस्ताव तयार होतो. महाराष्ट्रात २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा ठरलेली आहे. तरीही 'थोडे समजून घ्यावे' अशी विनंती करणारे अर्ज येतच राहतात.

मात्र परीक्षेतील नकाशात एक सोय असते. सगळ्या अडचणी त्यावर काढलेल्या असतात. माझ्या नोकरीतील एका जिल्हा कार्यालयाच्या विस्ताराचा आराखडा समोर आला तेव्हा मधल्या अंगणावर 'रिकामी जागा' असे लिहिले होते. सकाळी अकरा वाजता मी अभियंत्यांना खिडकीशी बोलावले. अंगणात अर्जनवीसांची टेबले होती, आणि फेरफाराच्या सुनावणीसाठी खेड्यांतून आलेली माणसे कडुनिंबाखाली फडकी पसरून बसली होती. "साहेब, हे नकाशात कसे दाखवणार?" त्यांनी विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. मोजणीच्या चिन्हांत ताटकळणाऱ्या माणसाला चिन्ह नाही. आम्ही आठवडाभर दर तासाला अंगणातील माणसे मोजली आणि ते आकडे पेन्सिलने आराखड्यावरच लिहिले. त्यानंतर अंगणाचा विषय पुन्हा निघाला नाही.

इमारत मागच्या उतारावर उभी राहिली. दोन वर्षांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप आला: आवारात सपाट जागा उपलब्ध असताना संरक्षक भिंतीवर खर्च का केला? उत्तरासोबत मी तो पेन्सिलीच्या आकड्यांचा आराखडा जोडला.