टँकर कुठे भरता?

यंदाची संक्रांत पुण्यात महापालिकेच्या निवडणुकीने पळवली. १३ जानेवारी २०२६ला भोगी आणि त्याच संध्याकाळी जाहीर प्रचाराची सांगता. १४ला संक्रांत, १५ला मतदान, १६ला मतमोजणी. त्यामुळे तिळगूळ सणाआधीच दारोदार फिरला, वाण घरपोच आलं आणि पैठणीच्या खेळांना तर डिसेंबरपासूनच ऊत आला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणी जमिनीचा तुकडा, कुणी थायलंडची सहल बक्षीस लावल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. एका प्रभागात एकाच पक्षाच्या दोघा इच्छुकांत जुंपली आणि एकाने दुसऱ्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याचा आरोप झाला. सिंहगड रस्त्यावरून आत, धरणाच्या बाजूला असलेल्या आमच्या भागात एवढं नाट्य नव्हतं. इथे विषय एकच होता, पाण्याचा.

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इथल्या लोकांना कुणी समजावून सांगावी लागत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर पुणे जगतं, आणि त्यातल्या खडकवासल्याच्या भिंतीजवळ राहणारे लोक टँकर विकत घेतात. जून २०२१च्या अखेरीस २३ गावं महापालिकेत आली. त्याआधी, २०१७ मध्ये, ११ गावं आली होती. या भरतीने पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. गावांच्या ग्रामपंचायती बरखास्त झाल्या. पुढच्याच मार्चमध्ये, म्हणजे २०२२ साली, महापालिकेचीही मुदत संपली आणि प्रशासक आला. ७४वी घटनादुरुस्ती सांगते की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला तेव्हा कुठे चक्र फिरलं. म्हणजे या २३ गावांतला सरपंच गेला आणि नगरसेवक साडेचार वर्षं आलाच नाही. कराची बिलं मात्र वेळेवर आली.

या मधल्या काळात जानेवारी २०२५ उजाडला. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमचे, रुग्ण सापडू लागले. हातापायांतली ताकद जायची, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागायचं. राज्यातली संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि त्यातले बहुतेक पुणे परिसरातले होते. संशयाचं बोट पाण्याकडे होतं. विहिरी तपासल्या गेल्या, खासगी आरओ प्लांट बंद करण्यात आले. वर्षभराने, बरोबर त्याच महिन्यात, त्याच गल्ल्यांत मतं मागायला माणसं येणार होती.

ती आली ती चौघा-चौघांनी. पुण्यात प्रभागाची रचना जवळजवळ दर निवडणुकीला बदलते: २००२ साली तीन सदस्यांचा, २००७ला एकाचा, २०१२ला दोघांचा, २०१७ला आणि आता पुन्हा चौघांचा. या वेळी ४१ प्रभाग आणि १६५ जागा. एक प्रभाग पाच जणांचा, बाकी सगळे चौघांचे. २०११च्या जनगणनेचा हिशोब धरला तरी एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांहून अधिक लोक येतात, आणि त्या जनगणनेनंतर इथे किती टॉवर उभे राहिले ते रस्त्यावरच्या ट्रॅफिकला विचारावं. एवढ्या मोठ्या प्रभागात उमेदवार घरोघरी पोचत नाही. पोचतो तो रिक्षावरचा भोंगा आणि चार चेहऱ्यांचं पत्रक.

गावठाण आणि सोसायट्या यांचा प्रचारही वेगळा. गावठाणात गावकी-भावकी चालते; कुणाच्या मळ्यात जेवण, कुणाच्या ओट्यावर बैठक, आणि उमेदवार कुणाचा तरी चुलत, मावस असतोच. सोसायटीत कुणाला कुणाचं आडनावही धड माहीत नसतं, त्यामुळे तिथे मतांचा गठ्ठा मोजतात. गेटवरच्या वॉचमनला पहिला प्रश्न असतो, "फ्लॅट किती?" दुसरा, "चेअरमन कोण?" मग निरोप येतो: सीसीटीव्ही लावून देऊ का, पेव्हिंग ब्लॉक टाकू का, रंगकाम बाकी आहे का?

आमच्या सोसायटीत यावरून चांगलीच वादावादी झाली. एका गटाचं म्हणणं सरळ होतं: "पाच वर्षांत एकदाच हे लोक दारात येतात. पदरात पडेल ते घ्या. निवडून आल्यावर फोनसुद्धा उचलणार नाहीत." पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "सीसीटीव्ही घ्या की. टँकर कुठल्या कंपनीचा आला ते त्यात स्वच्छ दिसेल. आतलं पाणी दिसणार नाही." शेवटी ठरलं ते असं की काही मागायचं नाही, विचारायचं. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून प्रत्येक पॅनेलला वेगळी वेळ द्यायची, आजूबाजूच्या सोसायट्यांना आणि मागच्या चाळीलाही बोलवायचं, आणि सगळ्यांना तेच तीन प्रश्न. टिपणं घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला प्रश्न: आमच्याकडे येणारा टँकर कुठे भरतो आणि ते पाणी कोण तपासतं? दुसरा: पाण्याची टाकी आणि जलवाहिनी यांचं काम कुठल्या टप्प्यावर आहे आणि पुढच्या बजेटमध्ये त्यासाठी काय मागणार? तिसरा: तुम्ही चौघे निवडून आलात तर आमच्या गल्लीसाठी फोन कुणाला करायचा?

पहिलं पॅनेल आलं ते फटाके वाजवत. बोलण्याची जबाबदारी एकट्याने घेतली होती. बाकीचे तिघे हात जोडून उभे. मेट्रो, उड्डाणपूल, नदीकाठ, सगळं झालं. पाण्याचं नाव निघाल्यावर ते जोरात म्हणाले, "काळजीच करू नका. निवडून आल्या दिवसापासून रोज मोफत टँकर. माझा शब्द आहे."

टाळ्या पडणार तोच मागून एक बाई उभ्या राहिल्या. आसपासच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाची कामं करतात, मागच्या चाळीत राहतात, बचत गट चालवतात. त्यांच्या शेजारचा मुलगा गेल्या जानेवारीत जीबीएसने रुग्णालयात होता.

"दादा, टँकर पाठवाल. पण तो भरता कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या विहिरीवर, का बोअरवर?"

दादांनी कार्यकर्त्याकडे पाहिलं, कार्यकर्त्याने दुसऱ्या कार्यकर्त्याकडे. "विहिरीवरच भरतो," असं उत्तर आलं. "कुठल्या?" यावर उत्तर आलं नाही, "आपण बसून बोलू" आलं. तिसऱ्या प्रश्नाला चौघांनी एकमेकांकडे बघितलं आणि "आम्ही चौघे एकच आहोत" म्हणून वेळ मारून नेली. टिपणवहीत मी पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नापुढे रेघ ओढली.

दुसऱ्या पॅनेलमध्ये महिला राखीव जागेवरच्या उमेदवार होत्या. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये २०११पासून महिलांना निम्म्या जागा आहेत, त्यामुळे सभागृहात बायका निम्म्या दिसतात. प्रचारात मात्र माइक अजून नवऱ्याच्या हातात असतो. इथेही पतिराज बोलू लागले. "आमच्या मिसेस…" एवढं झालं आणि मागून त्याच बाई म्हणाल्या, "ताईंना बोलू द्या की." हशा झाला, माइक सरकला.

आणि ताई बोलल्या. गाव महापालिकेत जाण्याआधी त्या ग्रामपंचायत सदस्य होत्या. विहीर कुठली, तिची खोली किती, पावसाळ्यात तिच्यात ओढ्याचं पाणी कुठून शिरतं, हे त्यांना पाठ होतं. "पंचायतीच्या वेळी टीसीएल पावडर टाकायला माणूस होता. शिपाई ओटी टेस्ट करायचा. पाच थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला पाहिजे. नाही झालं तर औषध पडलेलं नाही. टँकरवाल्याला आता हे कुणी विचारतं का?" कुणी विचारत नव्हतं. काकांनी मान डोलावली. बजेटच्या प्रश्नाला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही, ते त्यांनी तसं सांगितलंही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र स्वतःचा नंबर लिहून दिला. त्या नंबरावर नवरा फोन उचलणार नाही ना, असं कुणीतरी विचारलं. त्यावर नवराही हसला.

तिसरं पॅनेल आलंच नाही. त्यांच्याकडून मतदाराच्या चिठ्ठ्या आल्या, त्याही दोन घरांत चुकीच्या.

चिठ्ठ्यांवरून आठवतं ते यादीचं प्रकरण. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रारूप मतदार यादी लागली आणि शहरभरातून हजारो हरकती गेल्या. आमच्या इमारतीत नवरा एका प्रभागात आणि बायको शेजारच्या प्रभागात, अशी घरं निघाली. काही नावांपुढे दुबार मतदाराची खूण होती. लातूर, सातारा, बीडकडून नोकरीला आलेल्या कित्येकांची नावं अजून गावालाच आहेत. त्यांना पाण्याचा त्रास इथे आणि मत तिकडे. हरकतीचा अर्ज भरायला काका आणि बचत गटातल्या दोन मुली संध्याकाळी गेटवर टेबल टाकून बसत. प्रचाराच्या सगळ्या गदारोळात इतकं बिनआवाजी आणि उपयोगी काम दुसरं कुणी केलं नसेल.

मतदानाच्या आदल्या दिवशी काकांनी चाळीत मशीन समजावून सांगितलं. चार जागा, चार मतपत्रिका: 'अ' पांढरी, 'ब' फिकट गुलाबी, 'क' फिकट पिवळी, 'ड' फिकट निळी. प्रत्येकीत एक बटण दाबायचं, चारही झाली की मोठा आवाज येतो, तोपर्यंत हलायचं नाही. कुणीच पसंत नसेल तर नोटा. लोकसभा-विधानसभेला दिसते तशी कागदाची चिठ्ठी इथे दिसत नाही, कारण व्हीव्हीपॅट नाही. "चौघं एकाच चिन्हाचे असायलाच पाहिजेत का?" एका आजींनी विचारलं. काका म्हणाले, "अजिबात नाही. चार मतं आहेत, चार वेळा विचार करा." प्रचाराच्या पत्रकांवर हे वाक्य कुणीच छापलं नव्हतं, पॅनेलला ते परवडत नाही.

१५ तारखेला शाळेच्या वर्गखोलीबाहेर रांग लागली. बोटावर शाईऐवजी मार्कर पेनाची रेघ आली आणि दुपारपर्यंत ती पुसली जाते की नाही यावर राज्यभर वाद रंगला. चाळीतल्या बायका दुपारच्या कामांआधी मत देऊन गेल्या. सोसायटीतले बरेचसे दहानंतर, चहा-नाश्ता उरकून आले, काही सुट्टी जोडून कोकणात गेले ते आलेच नाहीत. ज्यांनी सीसीटीव्ही मागायची भाषा केली होती, त्यातलेही दोघे कोकणातच होते.

निकालात कोण आलं आणि कोण पडलं, हा या लेखाचा विषय नाही. चारही जागा एकाच पॅनेलला गेल्या नाहीत, एवढं सांगतो. निवडून आलेल्यांच्या आभाराचे फ्लेक्स दुसऱ्या दिवशी लागले. येत्या काळात "यांच्या संकल्पनेतून" अशी पाटी लावलेले बाकही येतील, कारण नगरसेवकांच्या हातातल्या 'स' यादीतून तशीच कामं पटकन होतात. जलवाहिनी टाकायला वर्षं लागतात आणि ती जमिनीखाली असते, तिच्यावर नावाची पाटी दिसत नाही.

पण एक गोष्ट बदलली. बचत गटाने आणि सोसायटीने मिळून ओटी टेस्टचं सामान आणलं. आता टँकर आला की ड्रायव्हरला ठिकाण विचारतात, वहीत लिहितात आणि बाटलीत पाणी घेऊन पाच थेंब टाकतात. पहिल्या टँकरचं पाणी पिवळं झालं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "आजवर कुणी विचारलं नाही, मॅडम." तो टँकर परत पाठवला. त्यानंतर टँकरवाला स्वतःच औषध टाकून आणतो, निदान आमच्या गल्लीसाठी. वहीची झेरॉक्स निवडून आलेल्या चौघांनाही दिली आहे. त्यातल्या एकाने ती पुढे दिली, असं समजतं.

ज्यांच्या प्रभागात आता नवे नगरसेवक बसले आहेत, त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. महापालिका कायद्यात २००९ साली क्षेत्रसभेची, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद झाली. ती सभा भरवा म्हणून लेखी मागा. पुण्यात राहत असाल तर दुसरं: २००६पासून इथे नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक होतं. आपल्या भागातलं पाच लाखांपर्यंतचं काम कुणीही सुचवू शकतो आणि अर्ज दरवर्षी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास घेतात. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. भरून द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.