ओकची जमीन निवडताना

न्यू जर्सीत मी घरांना लाकडी जमिनी बसवतो. गिऱ्हाईक मराठी असलं, की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला: "सागवान नाही का मिळत इथे?" मिळतं, पण खिसा सांभाळून विचारावं लागतं. शिवाय सागवानाबद्दलची आपली श्रद्धा आकड्यांपुढे नेली, की जरा गंमतच होते. लाकडाचा टणकपणा जांका चाचणीने मोजतात. ०.४४४ इंच व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो, तो आकडा. पांढऱ्या ओकचा १३६० पाउंड, तांबड्याचा १२९०, सागवानाचा हजार-अकराशेच्या घरात. सागाचं मोठेपण त्याच्या अंगच्या तेलात आणि ऊन-पावसात फारसं न हलण्यात आहे. टणकपणात ओक त्याच्या पुढेच.

पण दुकानातला जांकाचा तक्ता वाचून ओक पसंत करणाऱ्यांनाही मी थोडं थांबवतो. हातातून तांब्या निसटला तर पोचा किती पडेल, एवढंच तो आकडा सांगतो. जमीन किती वर्षं नीट राहील, हे ओंडका कसा चिरलाय आणि फळीत ओल किती आहे, यावर ठरतं.

ओंडका एका बाजूने सरळ चिरत गेलं, की बहुतेक फळ्यांवर कमानीसारख्या रेषा उमटतात. वाया कमी जातं, म्हणून हा माल स्वस्त. आधी ओंडक्याचे चार भाग करून मग फळ्या काढल्या, तर लाकडाची वलयं फळीत जवळजवळ उभी येतात. याला क्वार्टर-सॉन म्हणतात. तांबड्या ओकची अशी फळी सपाट चिरलेल्या फळीच्या निम्म्याहूनही कमी फुगते, आणि तिच्यावर आडवे चकाकते पट्टे दिसतात ते वेगळेच. मला विचाराल तर ओकचं खरं रूप हेच, पण त्याचे पैसे पडतात.

फुगण्याचं एवढं कौतुक कशाला? इथल्या हिवाळ्यात हीटर घरातली हवा सुकवून टाकतो आणि जुलैत तीच हवा अंगाला चिकटते. सपाट चिरलेली पाच इंची पांढऱ्या ओकची फळी घ्या. तिच्यातली ओल चार टक्क्यांनी बदलली, तर ती रुंदीत जवळजवळ दोन मिलिमीटरने हलते. सव्वादोन इंची फळी एक मिलिमीटरही हलत नाही. सध्या रुंद फळ्यांची फॅशन आहे. हौस असेल तर जरूर घ्या, पण मग जानेवारीत फटी दिसल्या म्हणून कारागिराला फोन करू नका.

तांबडा की पांढरा, हा पुढचा प्रश्न. तांबड्या ओकचा लहान तुकडा घेऊन त्याचं एक टोक पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकातून फुंका, बुडबुडे येतात. त्याच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. पांढऱ्या ओकमध्ये त्या आतून बुजलेल्या असतात, म्हणूनच दारूची पिंपं त्याची करतात. स्वयंपाकघरात आणि दाराशी पांढरा बरा. बाकी घरात तांबड्याला नावं ठेवायचं कारण नाही. तो या राज्याचा राज्यवृक्ष आहे, आणि इथल्या कितीतरी जुन्या घरांत कार्पेट उचललं की खाली तोच, अजून ठणठणीत, सापडतो.

आपल्या घरांची एक बाजू चांगली: चपला-बूट दाराशीच राहतात, त्यामुळे रेती आत येत नाही. रेती म्हणजे फिनिशची वैरीण. दुसरी बाजू म्हणजे बादलीभर पाण्याने लादी पुसायची सवय. ती ओकवर चालत नाही. घट्ट पिळलेलं फडकं पुरे. आणि कुंडीचा लोखंडी स्टँड ओल्या जमिनीवर ठेवू नका. ओकमधल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली, की शाईसारखा काळा डाग उठतो. तो ऑक्झॅलिक ॲसिडने काढावा लागतो.

जाडीचंही बघा. पाऊण इंची अखंड फळीत, शेजारच्या फळीच्या खाचेत बसणाऱ्या जिभेच्या वर साधारण पाव इंच लाकूड असतं, म्हणजे ती आयुष्यात अनेकदा घासून नवी करता येते. काँक्रीटवर बसवायची असेल तर थरांची, इंजिनिअर्ड फळीच योग्य. पण वरचा ओकचा थर किती मिलिमीटर आहे ते विचारा. दोनच असेल तर पुढे घासायला फारसं काही उरत नाही.

माल घरात आला की मीटर लावायला सांगा. फळीतली ओल सहा ते नऊ टक्के हवी. खालच्या प्लायवुडशी फरक अरुंद फळीला चार टक्क्यांपेक्षा आणि तीन इंच किंवा त्याहून रुंद फळीला दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको. आकडे जुळत नसतील, तर कारागीर हत्यारं घेऊन दारात उभा असला तरी त्याला चहा पाजून परत पाठवा.