साडेबारा तासांचे अंतर

विम्याच्या कचेरीत पस्तीस वर्षे काढलेला मनुष्य स्वतः कधी साहस करीत नाही. दुसऱ्याच्या साहसाचा हप्ता ठरविणे एवढाच त्याचा धंदा. मी तर जूनमध्ये छत्रीवाचून घराबाहेर पडत नाही आणि एकमार्गी रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे पाहून घेतो. त्यामुळे ‘आगीच्या विम्यातील जोखीम’ या विषयावर निबंध वाचण्यासाठी साहेबांनी माझी रवानगी लास व्हेगसच्या परिषदेला केली, तेव्हा कचेरीत चांगलाच हशा पिकला.

आई मात्र हसली नाही. निघताना पाया पडलो तेव्हा म्हणाली, “त्या गावात म्हणे रात्रंदिवस जुगार चालतो. पत्त्याला हात लावणार नाहीस, अशी शपथ घे.”

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी मुकाट्याने शपथ घेतली. आमच्या घरात 1976 पासून पत्त्यांचा जोड नाही. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री वडील तीनपानी खेळायला गेले आणि पहाटे परतले ते आईच्या सोन्याच्या पाटल्या घालवून. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. वडिलांशी मनातून बोलणे सोडले, ते ती माउली-मूर्ती गेली तरी नीट सुरू झाले नाही.

असो. लास व्हेगस या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘कुरणे’. तिथे चरायला कोण येते हे निराळे सांगायला नकोच. नेवाडा राज्याने 1931 साली जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी जवळच हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. एकीकडे नदी अडविली, दुसरीकडे माणसांच्या खिशांतला ओघ मोकळा सोडला! विमानातून उतरतो न उतरतो तोच विमानतळावरच जुगाराची यंत्रे खणखणताना दिसली.

आमची परिषद आणि उतरण्याची सोय एकाच हॉटेलात होती. त्या हॉटेलाची रचना चक्रव्यूहाची. खोलीतून सभागृहात जायचे तर जुगारखान्यातून, जेवायला जायचे तर जुगारखान्यातून. आत खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही. दिवस की रात्र हे कळायला मार्ग नाही. पहिल्या सकाळी मी एकाच चक्राच्या मेजाला तीनदा प्रदक्षिणा घातली. शेवटी त्या चक्राचाच अभ्यास केला. त्यात 38 खाने. तुमचा आकडा आला तर एका डॉलरवर 35 मिळतात आणि तुमचा डॉलर परत. म्हणजे प्रत्येक खान्यावर एकेक डॉलर लावला तर 38 जातात आणि 36 येतात. उरलेले दोन मालकाचे. एक माणूस जिंको वा हरो, हजारोंच्या खेळात मालक हरत नाही. बर्नूलीचा हा सिद्धांत 1713 साली छापला गेला. आमची विमा कचेरीही त्याच्याच आधारावर पगार देते. मला त्या मेजाबद्दल एकदम भाऊबंदकीच वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता माझा निबंध होता. दुपारी चहाची तलफ आली. ट्रे घेऊन फिरणाऱ्या एका बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “खेळणाऱ्यांना फुकट.” आता फुकट चहा आणि पुणेरी मनुष्य यांच्या मध्ये कोणती शपथ टिकणार? शिवाय शपथ पत्त्यांची होती, यंत्राला कोण पत्ते म्हणतो? मी बसलो, पाच डॉलरची नोट सरकविली आणि बटण दाबले. चेरी फिरल्या, घंटा वाजल्या आणि पडद्यावर 118 डॉलर झळकले!

मला घाम फुटला. हे पाप परत यंत्राच्याच पदरात घालावे म्हणून मी भराभर बटण दाबू लागलो, तर आकडा 160 वर गेला. आयुष्यात प्रथमच हरण्याची प्रामाणिक खटपट केली आणि तीही साधली नाही. चहा आला आणि निवला. सहज मनगटाकडे पाहिले, तर तीन वाजून वीस मिनिटे!

ब्रह्मांड आठवले. यंत्रातून जिंकल्याची चिठ्ठी ओढून फायलीत कोंबली आणि धावत सुटलो. दहा मिनिटांनी धापा टाकीत सभागृहात शिरलो, तर अध्यक्ष शांतपणे माझेच नाव पुकारीत होते. तेव्हा उमजले, आईला फोन करता यावा म्हणून घड्याळ मी भारतीय वेळेवरच ठेवले होते. दोन गावांत साडेबारा तासांचे अंतर. बारा तास काट्यांत दिसत नाहीत आणि उरलेल्या अर्ध्या तासाने माझी अब्रू वाचविली. पण पुरती नाही. फाईल उघडताच ती चिठ्ठी अध्यक्षांच्या पायांशी पडली. त्यांनी उचलून मोठ्याने रक्कम वाचली आणि म्हणाले, “वक्त्यांनी जोखमीचा अभ्यास प्रत्यक्ष केलेला दिसतो.” निबंधापेक्षा त्या वाक्यालाच टाळ्या अधिक पडल्या.

संध्याकाळी फोनवर आईला सारे सांगितले. तिच्याकडे सकाळ झाली होती. वाटले, रागावेल. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “पहिल्या रात्री तुझे वडीलही जिंकलेच होते रे.”

हे मला पन्नास वर्षे कुणी सांगितले नव्हते. मी खाली गेलो. खरे सांगतो, पाय चिठ्ठी मोडायला निघाले होते, पण डोळे त्याच यंत्राकडे वळले. आणखी एकदाच, असे मनात आले. हे मन माझे, विम्याच्या माणसाचे! तिशीतल्या, तुटपुंज्या पगाराच्या माणसाचे काय झाले असेल?

चिठ्ठी मोडली. माझे पाच डॉलर खिशात घातले, कारण मुद्दल सोडणे आमच्या धंद्यात बसत नाही. बाकीचे चहाच्या बाईंच्या ट्रेवर ठेवले आणि तिथून निघालो.

त्या 1976 च्या पाडव्याला आईने नुसत्या काचेच्या बांगड्या भरलेल्या हातांनी वडिलांना ओवाळले होते. ताटात टाकायला त्यांच्याजवळ काही नव्हते. आई का ओवाळते आहे म्हणून मी रागाने उठून गेलो होतो. यंदाच्या पाडव्याला वडिलांच्या तसबिरीसमोर निरांजन लावीन म्हणतो. बोलणे सुरू करायला उशीर झाला आहे खरा. पण घड्याळात अर्धा तास कुठेतरी शिल्लक असतो, एवढे मी त्या गावी शिकलो.