तांडेल कोण?



आमची आजी रेवदंड्याची. मुंबईहून गावी जायचं तर रेवसपर्यंत पाण्याचा रस्ता. धक्क्यावर पोचल्यावर आजी बोटीचं नाव कधी बघायची नाही. अक्षर येत होतं तिला, तरी नाही. ती आधी विचारायची, "आज तांडेल कोण हाय?" उत्तर मिळालं की मगच फळीवर पाय ठेवायची. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तो दिवस आजी शेवटपर्यंत विसरली नाही. आम्ही मुलं तिच्या त्या प्रश्नाला हसायचो.

पुढे आम्ही जे.जे.त नर्सिंग शिकलो आणि १९७३ साली इंग्लंडात, लिव्हरपूलला आलो. आमच्या वॉर्डात आयल ऑफ मॅनचे पेशंट असायचे. हे बेट इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आहे, वस्ती लाखाच्या आत. मोठं दुखणं निघालं की तिथल्या माणसाला पाणी ओलांडून आमच्याकडं यावं लागतं. त्यामुळे विमान ही त्यांची चैन नाही, आपल्याकडची एस.टी. म्हणा ना!

अशाच एका पेशंटशी मैत्री जडली. तिनं बोलावलं म्हणून २००९ साली आम्ही आणि आमचे हे ब्लॅकपूलहून तिकडे गेलो. तिकीट मँक्स-टू या कंपनीचं. विमान १९ सीटांचं, वैमानिकाची पाठ आमच्या जागेवरून दिसत होती. प्रवास झकास झाला. समोरच्या कागदावर दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं नाव छापलेलं होतं. आमचे हे म्हणाले, "असेल काहीतरी." आम्हीही विचारलं नाही. आजी असती तर तिनं विचारलं असतं.

मुलांनो, हा काय प्रकार असतो ते सांगते. मोटार दोन तऱ्हेनं भाड्यानं मिळते, नुसती गाडी किंवा ड्रायव्हरसकट. विमानाचंही तसंच. नुसतं विमान घेतलं तर त्याला ड्राय लीज म्हणतात. विमान, वैमानिक, दुरुस्ती, विमा असं सगळंच दुसऱ्याचं घेतलं तर वेट लीज. मँक्स-टूची गोष्ट याच्याही पुढची. तिच्याकडे विमान चालवण्याचा परवानाच नव्हता. ती तिकिटं विकायची, विमानावर तिचं नाव असायचं आणि उडवायचे दुसरे, परवानेवाले. यात बेकायदा काही नव्हतं. चार उतारू मिळणाऱ्या मार्गावर स्वतःची विमानं, इंजिनियर, वैमानिक ठेवायचे तर कंपनी वर्षभरात बुडेल. बेटावरच्या माणसांना अशा कंपन्यांचा आधारच होता.

मग १० फेब्रुवारी २०११ उजाडला. बेलफास्टहून आयर्लंडातल्या कॉर्कला जाणारं विमान धुक्यात सापडलं. दोनदा उतरायचा प्रयत्न फसला, तिसऱ्या वेळी ते धावपट्टीपाशी उलटून पडलं. १२ जणांपैकी ६ गेले, त्यात दोघेही वैमानिक. तिकीट मँक्स-टूचं होतं. विमान आणि वैमानिक स्पेनमधल्या एका कंपनीचे. उड्डाणाचा परवाना बार्सिलोनाच्या तिसऱ्याच कंपनीचा. बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आमच्या यांनी कपाटातून आमची जुनी तिकिटं काढली आणि नुसती हातात धरून बसले.

चौकशीचा अहवाल २०१४ च्या जानेवारीत आला. कप्तान नुकताच कप्तान झालेला, जोडीचा वैमानिकही कमी अनुभवाचा, दोघंही बहुधा थकलेले. अशी जोडी लावली कुणी? त्यांची विश्रांती मोजली कुणी? तीन कंपन्या आणि दूरच्या देशातलं सरकारी खातं, यांच्यामध्ये ही देखरेख सांडून गेली होती.

हे आम्हाला लगेच समजलं, कारण आमच्या वॉर्डात हेच घडलं होतं. एका रात्री एजन्सीची नर्स आली होती. हुशार मुलगी. पण ग्लुकोज कुठल्या कपाटात ते तिला कुणी दाखवलेलंच नव्हतं. साखर उतरलेल्या पेशंटसाठी ती तीन कपाटं उघडत राहिली. पेशंट वाचला. सकाळी एजन्सी म्हणाली, वॉर्डानं दाखवायला हवं होतं. वॉर्ड म्हणाला, एजन्सीनं शिकवून पाठवायला हवं होतं. त्या रात्रीच्या ड्यूटीच्या यादीत आमचीच सही होती, म्हणून हे अजून टोचतं.

बाहेरची माणसं वाईट, असं मात्र आम्ही कदापि म्हणणार नाही. आम्ही तरी कोण होतो? साडीतून युनिफॉर्ममध्ये आलेल्या परदेशी पोरी! पहिल्याच महिन्यात एका म्हाताऱ्यानं आमच्या हातून इंजेक्शन घ्यायला नकार दिला. तेव्हा आमच्या सिस्टर बाई पलंगापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "हिला मी तपासून घेतलंय, जबाबदारी माझी." तेवढ्या एका वाक्यावर तो तयार झाला. कॉर्कच्या विमानाच्या वेळी ते वाक्य म्हणणारं कुणी नव्हतं.

मँक्स-टूचा धंदा २०१३ पासून सिटीविंग या नावानं चालू राहिला. विमानं पुन्हा दुसऱ्यांचीच. फेब्रुवारी २०१७ मध्ये मोठ्या वादळातल्या एका उड्डाणानंतर ब्रिटनच्या विमान खात्यानं त्या चालवणाऱ्या कंपनीला थांबवलं आणि मार्चमध्ये सिटीविंगनं गाशा गुंडाळला. उडवणारा गेला म्हटल्यावर तिकिटाची खिडकी एकटी काय करणार!

प्रत्यक्ष विमान कोण चालवणार ते उतारूला सांगायलाच हवं, असा युरोपात २००५ सालचा नियम आहे. सांगतात, पण बारीक अक्षरात. आमच्या चष्म्याला ती दिसत नाहीत.

गेल्या वर्षी त्याच मैत्रिणीकडे पुन्हा जायचं ठरलं. आमचे हे आता नाहीत, म्हणून अकरा वर्षांचा नातू सोबत आला. तिकीट काढताना संगणकावरची ती बारीक ओळ त्यानंच मोठ्यानं वाचून दाखवली. मग आम्ही त्याला आजीची गोष्ट सांगितली. विमानाच्या दारात पोचलो तर हा पठ्ठ्या अडून उभा! मागे रांग खोळंबली. त्यानं तिथल्या बाईंना कप्तानाचं नाव विचारलं, त्यांनी हसून सांगितलं. मग तो आमच्याकडे वळून म्हणाला, "आजी, तांडेल कळला. चल."