सिंहगडाचा चढ

रविवार. खडकवासला धरणाच्या कडेकडेने सायकलवर डोणज्याला पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. गाव मागे पडलं आणि घाट सुरू झाला. इथून गडावरच्या वाहनतळापर्यंत जेमतेम ९ किलोमीटर, पण तेवढ्यात जवळपास ६०० मीटर चढायचं. म्हणजे दर १०० मीटरला सहा-सात मीटर. हा सरासरीचा हिशेब झाला. काही वळणांवर रस्ता अक्षरशः अंगावर येतो.

पहिल्या वेळी मी जोशात सुटलो आणि तिसऱ्याच किलोमीटरला पाय टेकले. आज सुरुवातीपासूनच सगळ्यात हलका गिअर. डाव्या वळणाची आतली कड सोडून जरा बाहेरून घेतलं की चढ थोडा सौम्य होतो, हे आता पायांना कळलंय. सीटवरून उठून जोर लावला तर खडीवर मागचं चाक घसरतं, म्हणून बसूनच पायडल मारत राहिलो. नाकावरून घामाचा थेंब हँडलवर टपकला, तिथून पुढच्या टायरवर. टायर इतक्या हळू फिरत होता की त्याची नक्षी मोजता आली असती.

त्या सगळ्या चढात ऑफिस, हप्ते, फोन यांतलं काहीही डोक्यात नव्हतं. फक्त श्वास. मला हे फार मोलाचं वाटतं.

वर मडक्यातलं दही खाल्लं. खाली धरणाचं पाणी चमकत होतं.

तुम्ही जाणार असाल तर गाड्यांची गर्दी व्हायच्या आत जा. आणि निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक नीट तपासा. याच रस्त्याने उतरायचंही असतं.